वितळवलेली म्हातारी

अठरा वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाची चार लाडकी माणसं वितळवली आणि पातेल्यांना कल्हई करून घेतली. घाबरू नका... माणसं बोटाच्या दोन पेरांएवढी होती, कथलाची. पण मूर्खपणा मात्र पुरुषभर उंचीचा होता.

भुताखेतांचं म्हणाल, तर आपला त्यावर काडीचा विश्वास नाही. आळे गावात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर हडळ आहे म्हणायचे. मी भर अमावास्येला तिथं मोटर चालू करायला गेलेय. हडळ काही भेटली नाही, लाईट मात्र गेलेली होती. तेव्हा पुढचं वाचताना ‘म्हातारी भोळी आहे’ असं समजू नका.

माझा महेश तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला आला की तो, त्याचा जिवलग विजू आणि आणखी दोघं कांदा विकून रिकाम्या झालेल्या बराखीत सतरंजी टाकून बसायचे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि लढाईत कोण वाचलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. प्रत्येकाची एक कथलाची बाहुली – कुणाकरवी परदेशातून मागवलेली, स्वतः ब्रशनं रंगवलेली.

मी म्हणायचे, “घोडे झालात, अजून बाहुल्या खेळताय?”

विजू म्हणायचा, “मावशी, हा डोक्याचा खेळ हाय.”

“मग तुम्हाला कसा येतो रे?”

अशी मी. बोलण्यात कुणाला हार जाणार नाही.

पोरं पुण्याला परतली आणि जुन्नरचे उस्मानभाई कल्हईवाले दारात आले. शेवटच्या दोन पातेल्यांना कथील कमी पडलं. पोरं बाहुल्या ठेवायची तो कपाटावरचा बिस्किटाचा डबा मला आठवला. त्यातली एक बाहुली काढून तिचा तळ विळीवर खरवडला – आत पांढरं, चकचकीत! उस्मानभाईंनी हातात घेऊन बघितलं.

“कथील चांगलंय, वहिनी. पन ह्याला रंग दिलाय. पोरांचं दिसतंय. इचारलं का?”

“माझ्या घरात मी कुणाला विचारायचं?”

काय तो तोरा! चारही बाहुल्या माझ्यासमोर भट्टीवर गेल्या. रंग जळाल्याचा वास आला, आणि पातेली अशी चमकली की मी त्यात बघून केस नीट केले.

पुढं महेशला नोकरी लागली, चौघं चार दिशांना गेले, खेळ थांबला. अधूनमधून तो फोनवर विचारायचा, “आई, डबा नीट आहे ना?” मी म्हणायचे, “आहे की.” डबा होताच! फासे होते, कागद होते. खोटं कुठं बोलले?... इतकी मी हुशार.

गेल्या वर्षी विजू गेला. हार्ट. चाळिशीही गाठली नव्हती. मागं बायको आणि अकरा वर्षांची स्वरा. तो या पोरीला रोज आपल्या बाहुलीची गोष्ट सांगायचा – औषधं देणारी, शिव्या देणारी एक खट म्हातारी. बापाच्या वस्तूंमधलं काय हवं, असं विचारलं तर पोरीनं एकच मागितलं. ती म्हातारी.

महेशचा फोन आला. “रविवारी स्वराला घेऊन येतोय. आईनं जपून ठेवलीय, असं सांगितलंय मी तिला.”

मी ‘बरं’ म्हणाले आणि मेथी निवडायला बसले. मेथी संपली तरी निवडतच होते.

शनिवारी दुपारी डबा खाली काढला. सगळं बाहेर काढून डबा आतून फडक्यानं पुसला. सात फासे, कागदांची गुंडाळी, दोन पेन्सिली. बाहुली एकही नाही – असणार कुठून? सगळं परत भरलं, झाकण दाबून बसवलं. घरात मी एकटी.

रविवारी अकरा वाजता दोघं आले. पोरगी डबा मांडीवर घेऊन बसली. उघडू की नको, अशी माझ्याकडं बघायला लागली. म्हटलं, आता लपवायचं नाही.

“बाळा, त्यात नाहीये ती. मी वितळवली. चारही. मला तेव्हा अक्कल नव्हती.”

“आई... अठरा वर्षं?” महेश म्हणाला.

पोरीनं झाकण काढलं. आत बघितलं. मग म्हणाली, “मग ही कोण?”

कागदांवर उभी होती. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, एक हात कमरेवर. मी उचलून उलटी केली – तळ खरवडलेला. माझ्याच विळीनं. बाकी तिघांचा पत्ता नाही.

महेश म्हणाला, “नीट बघ. तू आहेस ती. विज्या तुझाच आवाज काढून खेळायचा.”

वितळवताना मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं हो.

“नेऊ?” स्वरानं विचारलं.

“ने. तुझ्या बापाचीच आहे.”

गाडीत बसेपर्यंत पोरीनं मूठ उघडली नाही.

मी गप्प बसणारी नव्हे. त्याच आठवड्यात जुन्नरला जाऊन उस्मानभाईंना गाठलं. आता थकलेत, पण डोकं लख्ख. म्हणाले, “चारी वितळल्या, वहिनी. तुमी म्होरंच व्हता. एक म्हातारी व्हती, ती मी शेवटी टाकली. लई जिवावर आलं व्हतं.”

म्हणजे वितळली हे खरं. आणि आली हेही खरं. तिघांनी बघितलंय. मधलं मला माहीत नाही. कुणाला उलगडलं तर जरूर सांगा... फक्त ‘आजी, वय झालं’ हे उत्तर नको, ते मला घरात फुकट मिळतं.

मागच्या रविवारी महेश स्वराकडं जाऊन तो खेळ तिच्याबरोबर खेळला. संध्याकाळी त्याचा फोन आला. जसं बोलला तसं लिहिते –

“आई, पहिल्याच लढाईत म्हातारी मेली गं. फासा एकवर पडला. मला वाटलं, आता पोरगी रडणार. तर तिनं बाहुली उचलून बाजूला ठेवली आणि मलाच म्हणते, ‘थांबा ना काका, तिला यायला वेळ लागतो.’”