दहा फुटांवर कैची

आभाळाखाली निर्धास्त झोपणारा, पण छपराखाली पाऊल टाकण्याआधी मान वर करून दोन मिनिटं विचार करणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. सासरेबुवा उरणकडचे, मोरा बंदराजवळच्या एका गावातले. भातशेती बरीचशी सरकारी संपादनात गेल्यावर त्यांनी लोखंडाच्या वर्कशॉपात उभी हयात काढली. मी साताऱ्याकडचा, बेलापूरच्या एका ऑफिसात टेबलामागे बसणारा. त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा पगार, फ्लॅट, शिक्षण अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ करून गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, की गावाला पत्र्याचा गोठा असेल तर त्याच्या दोन कैच्यांमध्ये अंतर किती. कैची म्हणजे छपराचा भार पेलणारा लोखंडी त्रिकोण, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी तिथूनच वडिलांना फोन लावला, वडिलांनी बिचाऱ्यांनी शिडी लावून गोठा मोजला आणि नऊ फूट सांगितलं. सासरेबुवांनी आत वळून चहा टाकायला सांगितला. लग्न ठरलं ते असं.

पुढे कळलं की हा माणूस जगाकडे खालून वर बघतो. आम्ही सीवूड्सला राहायला आल्यावर त्यांना स्टेशनाशेजारच्या मॉलमध्ये नेलं, तर ते दारातच थांबून छताकडे पाहत राहिले. त्यांचं बघून आणखी चार जण वर बघू लागले, आणि थोड्या वेळानं सिक्युरिटीवाला येऊन अदबीनं विचारू लागला, की काका, वरून काही पडतंय का. एका लग्नात तर पंगतीत बसल्यावर त्यांनी वर पाहिलं, पान उचललं आणि मुकाट्यानं आठ हात सरकून भिंतीशी जाऊन बसले. मग त्यांची नजर ओळखणारी अर्धी पंगत त्यांच्यामागून सरकली, आणि वाढपी वरण घेऊन रिकाम्या सतरंजीसमोर उभे राहिले. मला सुरुवातीला या सगळ्याचं हसू यायचं. टेप त्यांच्या खिशात कायम असे, पण तो त्यांनी स्वतःसाठी वापरलेला मी पाहिला नाही. ते नुसत्या नजरेनं अंतर सांगायचे आणि आम्ही पडताळा म्हणून मोजायचो. चूक निघालीच तर बोटभर.

माझ्या मेहुण्यानं म्हशींसाठी नवा गोठा घ्यायचं ठरवलं तेव्हा मात्र हसू थांबलं. उलव्याच्या नव्या टॉवरांत दुधाची गिऱ्हाइकं वाढली होती, आणि खाडीच्या बाजूचा एक तुकडा अजून घराकडे होता. साठ फूट लांबीचा गोठा. ज्याला काम दिलं तो फॅब्रिकेटर तरुण होता, हुशार होता. त्याचं म्हणणं, पंधरा-पंधरा फुटांवर पाच कैच्या पुरे, वर हलका पत्रा तर टाकायचाय. सासरेबुवांचं म्हणणं, दहा-दहा फुटांवर सात. मेहुण्याला पाच पटल्या होत्या. बाबांचं वय झालं, हल्लीचं लोखंड वेगळं, असं तो मला बाजूला घेऊन सांगत होता, आणि खरं सांगायचं तर मीही मान डोलवत होतो.

सासरेबुवा वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच कामाचा एक लांब पाइप आणवला. पत्रा ज्यावर बसतो आणि जो स्वतः एका कैचीवरून दुसरीवर जातो, तो आडवा पाइप. विटांचे दोन ढीग रचले, पंधरा फुटांवर, आणि पाइप त्यावर आडवा ठेवला. मग मला म्हणाले, "जावयबापू, मधी उभं ऱ्हावा." मेहुण्याच्या खांद्याचा आधार घेऊन मी चढलो. पाइप असा वाकला की मी जवळजवळ जमिनीला टेकलो. मग त्यांनी एक ढीग पाच फूट पुढे आणून मला पुन्हा चढवलं. माणूस तोच, पाइप तोच, पण आता तो जरासा लवला आणि थांबला. फॅब्रिकेटर खाली बसून पाइपाकडे पाहत राहिला. सासरेबुवा त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "यो जावय वरून दाबतंय. वारा खालून उचलतो. उघडा गोठा, खाडीचा वारा आत शिरला का त्याला भायेर जायला वाट नाय. मंग तो छप्पर घेऊनच जातो." फॅब्रिकेटरनं सात कैच्या केल्या, आणि प्रत्येक खांबाचा पाया आधी ठरला होता त्याहून खोल नेला. तेही सासरेबुवांनी न सांगता.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी वादळ आलं. आम्ही तिथेच होतो. आभाळ काळंनिळं झालं, समोरच्या घराचं प्लास्टिक उडून वडात अडकलं, आणि लक्षात आलं की सासरेबुवा घरात नाहीत. मी धावत गोठ्यात गेलो, तर ते म्हशींच्या मधोमध एका खांबाला हात लावून उभे. बाहेर चला म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरून खांबावर ठेवला. खांब थरथरत होता. वर पत्रा असा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. "बगा," ते माझ्या कानाशी म्हणाले, "हलतंय, पन जागा सोरत नाय."

आणि मग त्या गोंगाटातच त्यांनी मला सांगितलं. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी पहिला गोठा बांधला तो थोरल्या भावाचा. लोखंड कमी पडलं, म्हणून कैच्या लांब लांब ठेवल्या. पहिल्याच मोठ्या वाऱ्यात छप्पर उठलं, एक पत्रा येऊन भावाच्या पायावर बसला, आणि दावणीचा एक बैल गेला. भाऊ तेव्हापासून लंगडतात. मी त्या काकांना लग्नापासून पाहत होतो, शेजारचंच घर त्यांचं. ते जन्मतःच लंगडे असावेत असं मी धरून चाललो होतो. भावानं त्यांना कधी एका शब्दानं बोल लावला नव्हता. फक्त त्या दिवसानंतर सासरेबुवांनी बांधलेल्या एकाही छपराखाली ते आले नव्हते. बारशाला नाही, लग्नाला नाही.

तासाभरानं वारा पडला. गावात दोन-तीन ठिकाणचे पत्रे गेले होते. गोठ्याचा एकही बोल्ट ढिला झाला नव्हता. मेहुणा म्हशींच्या पाठीवरून हात फिरवत होता, मी चिखलात उभा होतो, तेवढ्यात काठी टेकत काका आले. दारात थांबले. त्यांनी वर पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. ओठ हलत होते, बहुधा मोजत असावेत. मग ते आत आले, गवताच्या पेंढ्यांवर बसले, लंगडा पाय सरळ केला आणि म्हणाले, "बरा बांधलास."

सासरेबुवा भावाशेजारी बसले. घरातून चहा आला, तो दोघांनी बशीतून प्याला. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण दारातून बायकोनं नजरेनंच मला बाहेर बोलावलं.

काका मागच्या वर्षी गेले. शेवटचे काही महिने ते रोज दुपारी गोठ्यात येऊन बसायचे, घरात उकडतं म्हणून. आता त्या जागी सासरेबुवा एकटेच बसतात. परवा गेलो तर पेंढ्यांवर डोळे मिटून पडले होते. मी चपला बाहेर काढून हळूच आत शिरलो. त्यांनी डोळे न उघडताच जरासं सरकून शेजारी जागा केली.