चार बोटं म्हणजे किती

दरवर्षी जूनमध्ये मी अकरावीला मापनाचा धडा शिकवतो. पुस्तकात नसलं तरी पदरचं घालतो. आधी बोट, वीत, हात. मग आता कुणी फारशी वापरत नाही ती मायक्रॉन, अँगस्ट्रॉम, फर्मी. यातलं त्यात, त्यातलं यात करायला लावतो. उत्तरापुढे एकक नसेल तर गुण देत नाही, मग पोरं कितीही गयावया करोत.

गेल्या पावसाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला इगतपुरीला आमच्याकडे आली. नाव नाशिक रोडच्या दवाखान्यात घातलं होतं. इथेच घाला, असं बायकोचं म्हणणं होतं. मोठ्या ठिकाणी सोय बरी, म्हणून मीच अडून बसलो.

कळा सकाळी सुरू झाल्या. शेजारच्या सिस्टर, आता निवृत्त, हाकेसरशी आल्या. तपासून हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या, "पिशवीचं तोंड चार बोटं उघडलंय, सर. माझी बोटं आता जाडी झालीत, थोडं इकडेतिकडे धरा. पण निघायला हवं."

मी लगेच नाशिक रोडच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम, आमच्या सिस्टरांनी बघितलं. चार आहे."

"चार ना? मग वेळ आहे. पहिलटकरीण आहे ती. पावसात गाडी पळवू नका, सावकाश या."

माझा जीव भांड्यात पडला. घाई नाही, असं मी घरभर सांगितलं. "मॅडमच म्हणतात तर मी साडी बदलून येते," म्हणून सिस्टर घरी गेल्या. बायको भरलेली पिशवी पुन्हा उपसू लागली. मी टायरमधली हवा बघून घेतली. चहाही झाला. मुलगी दाराची चौकट धरून उभी होती. "बाबा, निघू या ना," म्हणाली.

"अगं, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" मी म्हणालो. हसून म्हणालो, हे आता जास्त लागतं.

शेवटी निघालो, मागच्या सीटवर मुलगी, बायको आणि सिस्टर. घोटी मागे पडली. काळजी वाटू लागली की मी आकडे करत बसतो, ही जुनी खोड. एक बोट म्हणजे अंदाजे दोन सेंटिमीटर. चार बोटं म्हणजे आठ. आठ सेंटिमीटर म्हणजे ऐंशी कोटी अँगस्ट्रॉम. एवढं झाल्यावर मला ते आठ दिसले. मी फोनवर नुसतं चार म्हणालो होतो. दवाखान्यात सेंटिमीटरमध्ये मोजतात.

"सिस्टर, पूर्ण म्हणजे किती?"

"पाच बोटं. दवाखान्यात दहा सेंटिमीटर म्हणतात. का हो?"

मी सांगितलं.

"नुसतं चार?" बायको म्हणाली. "आणि वर्गात पोरांना रडवता त्यावरून!"

"वहिनी, आता नको," सिस्टर म्हणाल्या. "सर, समोर बघा. रडायचं ते पोचल्यावर."

बायकोने फोन लावून माझ्या कानाला धरला. "मॅडम, चार बोटं. सेंटिमीटर नव्हे."

त्यांनी लगेच विचारलं, "कुठे आहात?"

"वाडीवऱ्हे."

"बघून किती वेळ झाला?"

चहा, हवा, पिशवी. "तासाच्या वर," मी म्हणालो.

"दारात स्ट्रेचर ठेवते. तिला जोर करू देऊ नका."

पुढचा रस्ता मी एकच गणित करत कापला. दोन सेंटिमीटर राहिलेत. म्हणजे वीस हजार मायक्रॉन. म्हणजे वीस कोटी अँगस्ट्रॉम. एकक जितकं बारीक घ्यावं तितका आकडा मोठा होई, आणि मोठ्या आकड्यात अजून पुष्कळ वेळ आहे असं वाटे. तो वेळ मी बनवत होतो. मागून लेक कण्हली की सगळी शून्यं एकदम गळून पडत. "फुंकर घाल, बाळ, फुंकर घाल. जोर नको," सिस्टर सांगत होत्या. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. पुढचा रिक्षावाला वळून शिवी देणार होता, पण आत बघून बाजूला झाला.

स्ट्रेचर आत गेलं आणि मी गाडी लावून जिना चढेपर्यंत रडणं ऐकू आलं. ते बाळाचं आहे हे मला पटेना. मुलीचा आवाज येईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "दोघी छान आहेत. अहो, कसलं चार हे मीही विचारायला हवं होतं." त्यांचा मोठेपणा. माझं ओझं त्याने हलकं झालं नाही. मुलीला सगळं सांगायचं म्हणून मी दाराशी गेलो, तर बायको आडवी आली.

"तिला झोपू दे. आधी जावईबापूंना फोन करा. मुलगी झाली, एवढंच सांगा."

मी फोन लावला. जावई पुण्याहून निघाले होते. बातमी ऐकून ते रडले, हसले, आणि मग विचारलं, "बाबा, वजन किती आहे हो?"

डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं. आकडा नीट आठवतही होता. मी फोन बायकोच्या हातात दिला.