अनैसर्गिक आप्तेष्ट

आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी, आणि खानदानाचा धंदा नेटवरून गायब करणाराही पहिला मीच.

पदवीचं आधी सांगतो, कारण आमच्यात ते आधीच सांगतात. नात्यातल्या कुठल्याही लग्नपत्रिकेत माझं नाव ‘श्री. प्रवीण (बी.कॉम.)’ असंच छापून येतं. बाकी कुणाच्या नावापुढे कंस नाही. धुळ्याच्या मामाने तर नातवाच्या जावळाच्या पत्रिकेतही माझा कंस सोडला नव्हता.

जळगावला घरालाच लागून आमचं केळी वेफर्सचं दुकान आहे. साईट मी बनवली. नेटवर ‘जळगाव केळी वेफर्स’ शोधलं की आम्ही पहिल्या पानावर यायचो. त्याच भरवशावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, श्रावणाच्या उपवासांसाठी दुसरी कढई बसवली. पुण्याचा एक व्यापारी आम्हाला असाच नेटवर सापडला होता आणि श्रावणभराचा माल उचलायला तयार होता.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला पहिलं पान पुरेना, पहिला नंबर हवा होता. एका व्हिडिओत ऐकलं, की दुसऱ्यांच्या साईटवरून आपल्याकडे जितक्या लिंक येतात तितकं आपलं वजन वाढतं. दुसरे लोक आणायचे कुठून, हा प्रश्न इतरांना पडत असेल. आमच्याकडे नातेवाईक होते.

मामाचा धुळ्याच्या देवपुरात मंडप डेकोरेशनचा धंदा. त्याला फोन लावला.

“मामा, तुम्ही तुमच्या साईटवर आमची लिंक टाका, मी आमच्यावर तुमची टाकतो.”

“म्हणजे आहेरच शे ना रे,” मामा म्हणाला. “तू कर, मी फेडसू.”

मग भडगावच्या आत्याच्या यजमानांचं बोअरवेल आलं. वरणगावच्या चुलतवहिनीचं ब्यूटी पार्लर आलं. ज्यांची साईट नव्हती त्यांना मी बनवून दिली, कारण एकाला आहेर आणि दुसऱ्याला नाही, असं आमच्यात चालत नाही.

नानांनी आमच्या साईटवर ही नावं बघितली आणि चष्मा काढला.

“तुझा मामा वर, अन् माझ्या बहिणीचे मालक खाली?”

“नाना, ही पत्रिका नाहीये.”

“नावं छापली ना? मग पत्रिकाच.”

शेवटी मी ‘आमचे आप्तेष्ट’ नावाचं पानच केलं. आधी थोरले, मग जावई, मग व्याही, तळाशी ‘व समस्त मित्र परिवार’. हेच पान जसंच्या तसं सगळ्यांच्या साईटवर चढवलं. वेफर्स शोधत आलेल्या माणसाला आता बोअरवेल आणि नवरीचा मेकअपही मिळत होता. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. (बी.कॉम. उगाच होत नाही माणूस.)

श्रावणाला महिनाभर उरला आणि पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला.

“प्रवीणभाऊ, दुकान बंद केलं का? तुम्ही नेटवर सापडतच नाही. माल दुसरीकडे बघू का?”

मी हसत हसत शोधायला बसलो. पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. दुसऱ्यावर नव्हतो. पुढे घरच्या घरी वेफर्स कसे तळायचे ते सांगणाऱ्या एक बाई सापडल्या, पण आम्ही नाही. साईटच्या खात्यात सर्च कंपनीचं इंग्रजी पत्र येऊन पडलं होतं. नानांना मराठी करून सांगितलं, “तुमच्या अनैसर्गिक लिंक सापडल्या आहेत. नुसता नंबर वाढवायला एकमेकांना लिंक देणं ही लबाडी आहे, म्हणून शिक्षा केली. त्या काढा, मग अर्ज करा.”

“अनैसर्गिक कोण?” नानांनी विचारलं.

“मामा. भडगावचे. सगळेच.”

आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. “माझ्या भावाला कोण अनैसर्गिक म्हणालं?”

“अन् देणंघेणं लबाडी कधीपासून झालं?” नाना म्हणाले. “छापलेल्या पत्रिकेतून नाव काढलेलं ऐकलंय का तू कधी?”

पण दुसरी कढई समोर थंड पडलेली होती. तिच्याकडे बघून नाना शेवटी म्हणाले, “काढ. पण नीट शब्दांत कळव सगळ्यांना.”

नीट शब्द म्हणजे माझंच काम. कुटुंबाच्या ग्रुपवर मी लिहिलं, “सर्व आप्तेष्टांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव आपल्यासोबतचे सर्व संबंध तत्काळ प्रभावाने संपुष्टात आणण्यात येत आहेत. सहकार्याबद्दल आभार.”

मला हे आजही बिनचूक मराठी वाटतं.

आत्या फोनवर रडली. वहिनीने ग्रुप सोडला. तिच्या मागोमाग तिचं माहेर बाहेर पडलं, जे ग्रुपमध्ये आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. भडगावच्यांनी नानांना विचारलं, वाटणी कशावरून झाली? मामाने मात्र मलाच फोन केला.

“मन्हं नाव काढी टाकं तू? मी काय परका शे का रे?”

“मामा, ती लिंक अनैसर्गिक दिसत होती, म्हणून फक्त.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

सगळी पानं काढली, अर्ज केला, आणि आम्ही बाप-लेक रोज सकाळी दुकान उघडण्याआधी नेटवर स्वतःला शोधू लागलो. श्रावण लागायच्या बेतात असताना एकदाचे सापडलो. तेही पहिल्या पानाच्या पार तळाशी, पण नानांनी देव्हाऱ्यापुढे नारळ फोडला. पुण्याला माल रवाना झाला. दुसरी कढई पेटली. नाना आणि आई भडगाव, वरणगाव, धुळे असे वेफर्सचे पुडे घेऊन फिरले आणि ‘पोराला लिहिता येत नाही’ असं सांगून सगळ्यांची समजूत काढून आले.

दिवाळीनंतर मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. उघडून आधी नावं बघितली. आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं जागच्या जागी होती. माझंही होतं. ‘श्री. प्रवीण’, आणि पुढे स्वल्पविराम.

मामाला फोन केला. “मामा, माझं बी.कॉम. राहिलं छापायचं.”

“राहिलं नही भाचा,” मामा शांतपणे म्हणाला. “काढी टाकं. तुन्हा नावापुढे ते अनैसर्गिक दिसत व्हतं.”