साडूंचं राहिलेलं विमान

जन्मभर पुण्यात राहून पुण्याकडे न बघितलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. जमिनीवर काय काय चाललंय हे त्यांच्या कानावर असतं, नजरेखालून मात्र जात नाही. कोथरूडात त्यांच्या सोसायटीसमोर मेट्रोचे खांब उभे राहिले, ते त्यांच्या ध्यानात आले आभाळाच्या आड यायला लागल्यावर. साडू विमानं बघतात. बघतात, फोटो काढतात आणि वहीत लिहून ठेवतात. पाटबंधारे खात्यात उभा जन्म कालव्यांचे नकाशे काढलेला हा माणूस निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन घरी आला, तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, एवढंच म्हणाल्या, "पक्षी तरी बघायचे. ते झाडावर बसतात तरी."

माझ्या मुलीचं लग्न शनिवार पेठेतल्या एका कार्यालयात झालं. मंगलाष्टकं चालू होती. "सावधान" म्हटल्याबरोबर सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर गेले, साडूंचा नुसता चेहरा वर गेला. "आज वीस मिनिटं उशीर," ते भटजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि उरलेली मंगलाष्टकं अशा काही वेगाने म्हटली की आंतरपाट धरणारे गोंधळून गेले. व्हिडिओत तेवढ्या भागात साडू छताकडे बघून बोटांवर काहीतरी मोजताना दिसतात. मुलीच्या सासरचे त्यांना अजूनही फार धार्मिक समजतात.

स्वतः मात्र ते आजपर्यंत विमानात बसलेले नाहीत. मुलगी दिल्लीला असते. ताई विमानाने जातात, साडू रेल्वेने. ताईंचं विमान उडाल्याचा फोटो काढायचा, घरी येऊन पोळी-भाजी खायची, मग स्टेशन गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोचायचं, हा त्यांचा क्रम. मी एकदा विचारलं, "अहो, एवढी आवड आहे तर बसा ना एकदा." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आत बसल्यावर विमान दिसतं का?"

त्यांची जागा ठरलेली आहे. लोहगावला धावपट्टीच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाची तीन मजली इमारत आहे, तिची गच्ची. घरच्या मावशींना पहिल्या दिवसापासून एकच कोडं पडलेलं. "आमी जल्माचं कानात बोळं घालून बसलोय, आन तुमी कोथरूडातनं ह्यो आवाज ऐकाया येता व्हय?" असं म्हणत त्या चहा मात्र आणून देतात. साडू पाण्याच्या टाकीला रुमाल बांधून वारा बघतात, ताईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं भिंग बाहेर काढतात आणि बसतात. प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळ नोंदणीची अक्षरं असतात, आपल्या स्कूटरच्या नंबरासारखी. ती साडू वहीत उतरवतात. मला सगळी विमानं सारखी दिसतात. साडू म्हणतात, "छे हो, हे मार्चमध्ये आलेलं. तेव्हा जरा मळलेलं होतं."

आता त्यांचा नियम सांगितला पाहिजे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. प्रवासी विमानं तिथूनच उडतात आणि लढाऊ विमानंही. गच्चीवरून फोटो काढलेले चालतील का, असा अर्ज साडूंनी रीतसर तीन प्रतींत केला होता. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे परवानगी, असं मानणारी माणसं वेगळी. साडूंनी स्वतःलाच नियम घालून घेतला: फोटो फक्त प्रवासी विमानाचा, आणि लढाऊ विमान दिसलं की भिंगावर झाकण आणि धावपट्टीकडे पाठ. ते दिसेनासं होईपर्यंत वळायचं नाही. गच्चीवर येणारी बाकीची हौशी मंडळी, मावशींची नातवंडं, सगळे आ वासून ते विमान बघत असतात, टाकीचं झाकण थडथडत असतं आणि साडू टाकीकडे तोंड करून उभे. "कॅमेरा खाली ठेवला तरी पुरे की," मी म्हणालो होतो. "डोळ्यांनी पाहिलं की हात शिवशिवतात," ते म्हणाले. "नकोच ते."

तर, त्या वहीत एका जातीच्या विमानांचं एक पान होतं. त्यातली सगळी विमानं मिळाली होती, एक सोडून. साडू त्याला "स्वारी" म्हणत. स्वारी पुण्यात येई, पण साडू नसताना. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी होती, त्या दिवशी तर दोनदा आली. आठ वर्षं हे चाललं. आणि मागच्या हिवाळ्यात हौशी मंडळींच्या ग्रुपवर बातमी आली की भाड्याने आणलेलं ते विमान आता परदेशी परत जाणार, गुरुवारी पुण्याची शेवटची फेरी. साडूंनी मला फोन केला. "स्कूटर काढाल का? मी चालवली तर नजर वरच राहील." या माणसाने माझ्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी रजा टाकली.

आम्ही साडेआठला गच्चीवर पोचलो. सव्वानऊला येणारं विमान सव्वाआठलाच उतरून इमारतींच्या आड जाऊन बसलं होतं. "वेळेआधी येणं हीसुद्धा बेशिस्तच," साडू म्हणाले. आता उरलं होतं फक्त उड्डाण. ते एकदा गेलं की गेलंच.

दहाच्या सुमाराला स्वारी हळूहळू धावपट्टीकडे निघाली. साडूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि मागून, तिच्या पाठोपाठ, दोन लढाऊ विमानं येऊन रांगेत उभी राहिली.

साडूंनी झाकण लावलं.

"अहो, ती लांब आहेत," मी म्हणालो. "फोटोत बोटभर येतील."

"बोटभर म्हणजे येतीलच ना."

"मग वर गेल्यावर काढा. आभाळात कोण आहे?"

"वळलो की खालचं दिसणारच." ते वळले होतेच, टाकीकडे. मी काही फार सरळ माणूस नाही. मी खिशातून मोबाइल काढला आणि विमान धावायला लागताच फोटो घेतला. मोबाइलचा खट् आवाज साडूंना ऐकू गेला.

"काढलात?"

"हो."

"मागे ती आलीत?"

मी मोठा करून पाहिलं. "आलीत. पुसटशी."

"पुसून टाका," ते म्हणाले, पंखा बंद करा म्हणावं इतक्या साधेपणाने. मी पुसला. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता हे कबूल करतो.

सगळे आवाज विरल्यावर ते वळले. धावपट्टी रिकामी होती. त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि मला विचारलं, "कसं गेलं?"

"छान गेलं."

"छान म्हणजे? पुढचं चाक कुठे सुटलं? त्या पांढऱ्या घराच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे."

"पंखांची टोकं वर वाकली? आणि वळताना ऊन कुठे पडलं?"

मी सांगत गेलो. चाक सुटलं, पंख वाकले, डावीकडे वळताना पोटावर असं काही ऊन पडलं की डोळे दिपले. साडू नकाशांच्या अक्षरांत एकेक ओळ लिहीत होते आणि मधूनच "वा" म्हणत होते. मावशी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही कप हातात धरून ऐकत राहिल्या.

खरं म्हणजे मी ते विमान उडताना पाहिलंच नाही. फोटो पुसून मान वर केली तेव्हा माझं लक्ष गेलं ते साडूंकडे. ते पाठमोरे उभे होते, झाकणावर तळहात घट्ट दाबून, आणि त्यांची मान त्या आवाजाबरोबर सावकाश वर वर जात होती. आवाज पार विरेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होतो. साडूंच्या त्या वहीत न पाहिलेलं असं एकच विमान लिहिलेलं आहे, आणि ते मी सांगितलेलं आहे. ते पान ते आल्यागेल्याला वाचून दाखवतात. मी समोर असलो तर माझ्याकडे बघून विचारतात, "असंच होतं ना हो?" आणि मी दर वेळी हो म्हणतो.