नोटोरियस काका

दारूच्या थेंबाला तोंड न लावता पंचक्रोशीत दारुडा म्हणून नाव काढलेला माणूस आमच्या मूल गावात एकच झाला, तो म्हणजे आमचे शेजारचे काका. हे नाव त्यांना फुकट मिळालं नाही. खरा पिणारा त्यांचा धाकटा भाऊ. पण त्या भावाला लग्नाची मुलगी होती आणि काका बिनलग्नाचे. पुतणीच्या सोयरिकीसाठी घरातली बदनामी बापाच्या अंगावरून उतरवून आपल्या अंगावर घ्यायची असं काकांनी ठरवलं, आणि एखाद्याने कुस्ती शिकावी तसे ते मेहनतीला लागले. तोंडाला दारूचा वास यावा म्हणून मोहफुलं भिजवलेल्या पाण्याने चुळा भरायचे आणि बाजाराच्या दिवशी धानाच्या गिरणीपासून घरापर्यंत झोकांड्या खात यायचे. झोकांड्या इतक्या सुमार, की एका जातिवंत पिणाऱ्याला राहवलं नाही. "भाऊ, असं नाई चालत कोणी," तो म्हणाला. "पेलेला माणूस सरळ चालाले पाह्यते. तुमी तं मुद्दाम वाकडं चालून राह्यले." काकांनी भर रस्त्यात त्याच्याकडून चाल दुरुस्त करून घेतली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या आळीत इंग्रजीचा जाणकार मी एकटा, मॅट्रिक पास. एकदा ओसरीवर बसून काकांनी विचारलं, "बाबू, बदनाम माणसाले साहेब लोक काय म्हणते?" मी म्हणालो, "नोटोरियस." चांगल्या कामाने गाजला तो फेमस, वाईटाने गाजला तो नोटोरियस; गाव ओळखतं दोघांनाही. "म्हणजे नाव तेवढंच, फक्त हारतुरे नाई," काका खूश झाले आणि नवी पैरण घालून मिरवावं तसा तो शब्द घेऊन गावभर फिरले. पोस्टमनलाही सांगत, "मी नोटोरियस." शेवटी मी बजावलं, हा शब्द स्वतःबद्दल वापरायचा नसतो, लोकांनी म्हणावा लागतो. "मंग तू म्हण," काका म्हणाले.

आमच्याकडे सोयरे मुलीच्या दारात जाण्याआधी शेजारी चौकशी करतात. सावली गावचे पाहुणे माझ्याकडे आले. "या बाजूच्या घरी कोणी पेते म्हणे?" मुलाच्या बापाने विचारलं. पलीकडच्या ओट्यावरून काका माझ्याकडे बघत होते. "मुलीचे काका. नोटोरियस आहेत," मी म्हणालो. "बाप देवमाणूस." पाहुण्यांना शब्द कळला नाही, पण इंग्रजीतला आहे म्हणजे दुखणं जुनं असणार, असं त्यांनी धरलं. सोयरीक जमली. अट एकच: हा काका मांडवात नको.

लग्नाच्या दिवशी भाऊ शुद्धीत राहिला, तोही काकांनी पहाटे दम भरला म्हणून. काका स्वतः गिरणीमागे बसले होते. मी पत्रावळीवर बुंदी घेऊन गेलो. मंगलाष्टकं तिथवर ऐकू येत होती. प्रत्येक 'सावधान'ला काका खिशातल्या अक्षता मांडवाच्या दिशेने टाकत. वाटेने जाणारी एक बाई सोबतिणीला म्हणाली, "बाजूनं चाल वो, पेलेला हाये." काकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, जमलं म्हणून.

आता काकाही नाहीत, भाऊही नाही. पुतणीची नातवंडं मात्र त्या दारुड्या पणजोबांची नक्कल करून हसतात, तीही चुकीची, वाकडं चालून. तो शब्द लोकांनी म्हणायचा असतो असं मीच शिकवलं होतं, आणि लोकांत पहिला मीच होतो. म्हणून परत घेणाराही मीच हवा. काकांनी आयुष्यभर फक्त चहा प्यायला. तोही बशीत ओतून, फुंकर घालून.