चीर की ओरखडा

कल्पना करा, तुमच्यासमोर पितळेची, बोटाच्या पेराएवढी पुंगळी आहे. तिच्यात दारू भरायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. दोन्हींच्या मध्ये पोकळी राहता कामा नये. राहिली तर बार उडताना दाब भलताच चढू शकतो. गोळी जोर लावून ठासलेलीही चालत नाही. आणि आजकालची बिनधुराची दारू तर चुकूनसुद्धा नाही, कारण तिचा जोर फार असतो आणि हे काडतूस ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाणार, त्याचं लोखंड शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

गेल्या पानगळीत, १९८४ साली, ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या विष्णू आठल्यांच्या गराजमध्ये हेच चाललं होतं. विष्णूकाका मोटारींच्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, पोलाद तपासणारे इंजिनियर. नेमबाजीचा नाद त्यांना शेजारच्या स्टॅनने लावला. रिव्हॉल्व्हरही स्टॅनच्या आजोबांचं. आता स्टॅनचे हात थरथरायचे, घर विकलं गेलं होतं आणि तो मुलीकडे फ्लोरिडाला कायमचा निघाला होता.

"जायच्या आधी हे एकदा वाजलेलं ऐकायचंय, विश्."

"रविवारी ऐकवतो," काका म्हणाले.

अशा जुन्या हत्यारांची खरी काळी दारू जवळपास कुठे मिळेना, म्हणून त्यांनी तिच्या जागी वापरायची पर्यायी दारू आणली. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की ही वजनाने नाही, मापाने भरा. काकांना ते गावठी वाटलं. त्यांनी लॅबमधला तराजू आणला आणि काळ्या दारूच्या वजनाइतकी ही दारू तोलून भरली. ती हलकी असल्यामुळे पुंगळी काठोकाठ भरली. वर गोळी दाबली तशी दारू चेपली, पुंगळी फुगली आणि एकही काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात, म्हणजे काडतुसं बसायच्या फिरत्या भागात, शिरेना. रविवार गेला तो काडतुसं जपून उकलण्यात.

"त्याचं काय आहे," काकांनी जेवताना शैलाकाकूंना समजावलं, "तांदळाच्या वजनाइतके पोहे त्याच डब्यात मावतील का?"

"एवढं कळत होतं, तर तराजू कशाला काढलात?"

काका आमटीत भात कालवत राहिले.

पुढच्या खेपेला त्यांनी छोट्या मापाने दारू भरली. गोळी अलगद टेकली आणि काडतुसं चक्रात सरसर गेली. पण तराजूने एकदा तोंडघशी पाडल्यामुळे काकांचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. चक्र सोडवून ते लॅबमध्ये घेऊन गेले. क्रँकशाफ्टला लावतात तसा लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली, म्हणजे फटीत मुरलेला रंग तिच्यावर उमटावा. एका भोकाच्या आत केसासारखी लाल रेघ उमटली. सगळं धुऊन पुन्हा केलं. रेघ पुन्हा तिथेच.

"मग? कॅन्सल?" स्टॅनने विचारलं. त्याच्या दारात सामान हलवणाऱ्या मूव्हर्सचा ट्रक उभा होता.

"चीर असेल तर चक्र फुटेल, स्टॅन."

"आणि नसेल तर?"

"तर तो नुसता ओरखडा. बनवताना पडलेला."

"माझे आजोबा यानं रानडुकरं मारायचे. त्यांनी कधी रंगबिंग लावला नाही! तुम्ही इंजिनियर लोक ना, विश्, लग्नाआधी बायकोचाही एक्स-रे काढाल."

काका हसले नाहीत. "मी वाजवणार नाही. तुलाही वाजवू देणार नाही."

स्टॅनने रिव्हॉल्व्हरची लाकडी पेटी काकांच्या हातात कोंबली. "तुझ्याकडेच ठेव. ठरलं काय ते, की फोन कर. फोनवर ऐकेन."

स्टॅन आता दर रविवारी फोन करतो. आधी हवा, मग गुडघे, आणि शेवटी, "काय रे, ठरलं का?" काका नाही म्हणतात आणि चिडून गराजमध्ये जातात. कारखान्यात शंका आली की ते हजारातला एक शाफ्ट उचलतात, आडवा कापतात आणि भिंगाखाली बघून सांगून मोकळे होतात. इथे चक्र एकच आहे. कापलं तर उत्तर मिळेल, पण मग वाजवायला काही उरणार नाही. भेटेल त्या धातूवाल्याला ते अजूनही एकच विचारतात: न कापता ही रेघ चीर आहे की ओरखडा, हे ओळखायचं तरी कसं?