ब तुकडीची साक्ष

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होतो. पलीकडे त्यांची पुतणी वैशाली होती, तीही शिक्षिकाच. "सर, आत्या गेल्या पहाटे," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी उरलेली दाढी तशीच ठेवून निपाणीच्या स्टँडवर आलो आणि बेळगावची गाडी पकडली. लोक तोंडाकडे बघत होते. त्या सबंध प्रवासात मला रडू आलं नाही, नुसती धाकधूक होत राहिली... एक गोष्ट अर्धवट राहिली होती आणि ती आता पुरी कशी व्हायची, हे कळत नव्हतं. याला महिना होऊन गेला. माणूस गेलं की त्याचं चांगलं लिहावं, ही आपली रीत. पण आक्कांचं चांगलं लिहायला बसलो की दर खेपेला माझंच वाईट मध्ये येतं, म्हणून आता दोन्ही एकदमच लिहून टाकतो.

शालन आक्का वडगावच्या, विणकरांच्या घरातल्या. बोरगावजवळच्या एका खेड्यात, सरकारी मराठी शाळेत आम्ही दोघं बारा वर्षं एकत्र शिकवत होतो. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. गावात खोली घेऊन राहायच्या, शनिवारची सकाळची शाळा सुटली की वडगावला जायच्या आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायच्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणे, आणि त्या मला मास्तर म्हणत, तेही अरे-तुरे करून. कुणी म्हणतं म्हणून एखादी गोष्ट खरी धरायची, हे त्यांना जमतच नसे. "आताच्या पोरांचं वाचनात लक्षच न्हाय," असं कुणी चहा पिता पिता म्हणालं की आक्का विचारायच्या, "किती पोरांचं? मोजलीस व्हय?" मोजलेलं अर्थातच नसायचं. आम्ही मागे त्यांना 'तराजू' म्हणायचो, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील नवीन सूत आलं की आधी वीतभर विणून, धुऊन बघत आणि रंग सुटला नाही तरच साडी मागावर घेत. आक्कांचं तेच.

एकदा बेळगावला प्रशिक्षण झालं. तिथं सगळ्यांना एक झेरॉक्स पुस्तिका मिळाली, वाचन शिकवण्यावर झालेल्या संशोधनाची. माझ्या पुस्तिकेत घरी भडंग बांधून आलं. आक्कांनी खडेबाजारातून इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला आणि पेन्सिलीनं खुणा करत ती दोनदा वाचली. मूल घरात जसं बोलतं तिथून सुरुवात केली तर वाचन लवकर येतं, असं काहीसं त्यात होतं. मी म्हटलं, "आक्का, ती पोरं कुठली, आपली कुठली. त्यांचं आपल्याला काय लागू व्हणार?"

"म्हणून तर आपल्या पोरांवर बघायचं," आक्का म्हणाल्या. "लागू व्हतंय का न्हाय, ते बघितल्याबिगर तुला तरी कसं कळणार?"

त्या जूनमध्ये तिसरीच्या दोन तुकड्या होत्या. हेडमास्तरांना विचारून आक्कांनी पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या आणि सगळ्यांसमोर काढल्या, म्हणजे हुशार पोरं एकीकडे गोळा व्हायला नकोत. अ तुकडी त्यांची, ब माझी. त्यांनी नव्या पद्धतीनं शिकवायचं, मी नेहमीसारखं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्ही तुकड्यांचं वाचन तपासायचं. मला त्यांनी बजावून सांगितलं, "मास्तर, तू रोज शिकवतोस तसंच शिकव. जास्त न्हाय, कमी न्हाय. न्हाईतर शेवटाला काय बी कळायचं न्हाय." मी मान डोलावली.

दोन वर्गांच्या मध्ये फळ्यांचं पार्टिशन होतं. पलीकडून रोज हसण्याचा गलका यायचा. पोरं घरातलं काहीबाही सांगायची, आमच्या म्हशीनं काल आज्जीला पाडलं, आप्पांनी कोंबडी लपवली... आक्का ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायच्या आणि पोरं आपलंच बोलणं फळ्यावरून वाचायची. मग हळूच त्याच गोष्टीतून पुस्तकातल्या वाक्याकडे न्यायच्या. दीड महिन्यात अ तुकडीतली पोरं रेशन दुकानावरची पाटी वाचत घरी जायला लागली. माझी ब तुकडी अजून अक्षराला अक्षर चिकटवत होती. एक दिवस सागर नावाचा माझा विद्यार्थी पार्टिशनला कान लावून उभा होता. मी दटावलं, तर म्हणाला, "सर, आमास्नी का न्हाय तसलं?"

पोरांची दया आली हे खरं, पण तेवढंच लिहिलं तर मी पुन्हा खोटं लिहीन. ब म्हणजे ढ, असं गावात बोलायला लागले होते आणि ते मला झोंबत होतं. आक्का रविवारी वडगावला असत. मी दर रविवारी सकाळी ब तुकडीची पोरं माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात बसवू लागलो आणि आक्का करत होत्या तेच, अगदी तसंच, करू लागलो. पोरं भराभर वाचायला लागली. मला आनंद व्हायचा, आणि सोमवारी आक्का गाडीतून उतरताना दिसल्या की तो जायचा.

दिवाळीआधी आक्कांनी एकेक मूल समोर बसवून, कुणी न पाहिलेला उतारा वाचून घेतला. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, हातात पेन्सिल. संध्याकाळी सगळं मांडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फरक न्हाय, मास्तर. दोन्हीकडं सारखंच." हेडमास्तर तिथंच होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे आमचं मास्तर साध्या पद्धतीनंच एवढं भारी शिकवत्यात!" तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण पाठीवरची थाप गोड लागली, आणि चोरी कबूल करायला जीभ रेटली नाही. आक्कांनी शिक्षण खात्याच्या ऑफिसला अहवाल पाठवला, फरक आढळला नाही म्हणून, आणि पुढच्या जूनपासून ती पद्धत बंद केली.

"पण पोरांस्नी आवडत होतं की, आक्का," मी चाचरत म्हणालो.

"मला बी लई आवडत होतं. पण मला आवडतंय म्हणून पोरांचा वेळ घालवायचा व्हय?"

त्यांनी बंद केल्यावर मीही रविवार बंद केले. त्याच वर्षी तिसरीत कल्पना नावाची मुलगी होती, शेतमजुरांची. वर्गात उभी राहून पुस्तकातलं वाक्य तिनं घरच्या बोलीत वाचलं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. चौथीनंतर ती शाळेत आली नाही, शेतात भांगलणीला, तण काढायला, जाताना दिसायची. आक्का तिच्या घरी तीनदा जाऊन आल्या. परत आल्या की मला म्हणायच्या, "कुठं चुकतंय रं आपलं?" आणि मी, ज्याला कुठं चुकलं ते पक्कं ठाऊक होतं, गप्प बसून राहायचो. कल्पनानंतर आणखी किती जणी, ते मी मोजलेलं नाही. मोजायची हिंमतच झाली नाही.

यंदा त्या आजारी पडल्यावर मी वडगावला गेलो. खालच्या मजल्यावर भावाचे माग चालू होते, वरच्या खोलीत आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. वैशाली पाणी देऊन खाली गेली आणि मी सगळं सांगून टाकलं, सोप्यातल्या रविवारांसकट. आक्कांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग मधल्या वर्षांतल्या पोरांचं काय, मास्तर?" त्या म्हणाल्या.

मग त्यांचा आवाज बदलला. "आणि तू म्हणतोस म्हणून हे तरी खरं कसं धरू? मी जायला टेकलीया. जाताना म्हातारीला बरं वाटावं म्हणून बी सांगशील तू. वैशी विचारतीया, जूनपासून तिच्या तिसरीला ही पद्धत वापरू का म्हणून. तिला काय सांगू? पोरांस्नी विचारते." मी त्यांना सागरचा नंबर दिला. तो आता बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहे. निघताना मला हलकं वाटत होतं. सागर खरं सांगेल आणि मी सुटेन, असा माझा हिशेब.

बाराव्याला सागर वडगावला आला, कामावरून थेट, हाताला काळं लागलेलं. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आक्कांचा फोन आलता. तुमच्या घरात रविवारी तुम्ही काय शिकवत होता म्हणून विचारत होत्या."

"मग? काय सांगितलंस?"

"म्या सांगितलं, असलं काय बी न्हवतं. सर वर्गातच शिकवायचे." माझा चेहरा बघून तो गडबडला. "तुम्हीच म्हटला होता की, सर. आक्कांस्नी कधी सांगायचं न्हाय म्हणून."

मी असं म्हणालो होतो. विसरूनही गेलो होतो. आठ वर्षांच्या पोरानं मात्र माझा शब्द एवढी वर्षं पाळला, आणि आक्कांना दुसऱ्यांदा खोटी साक्ष मिळाली, पहिली माझ्या हातून, दुसरी मी शिकवलेल्या पोराच्या तोंडून. मी तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. सागर बिचारा "चुकलं का सर? चुकलं का?" म्हणत उभा होता.

आम्ही दोघं वर गेलो आणि वैशालीला सगळं सांगितलं. उशाजवळची वही काढून तिनं शेवटचं लिहिलेलं पान आमच्यासमोर धरलं. अक्षर कापरं होतं, रेघा मात्र पट्टीनं मारलेल्या. 'ब तुकडी. मास्तर म्हणतो शिकवलं. सागर म्हणतो नाही. जुळत नाही. आणखी दोघांना विचारणे.' खाली ब तुकडीतल्या आणखी दोन पोरांची नावं होती आणि त्यांच्यापुढे मोकळी जागा.

"आता सागर खरं सांगतोय की, वैशाली. आता कर जूनपासून," मी म्हणालो.

"सर, सागरदादा आता तुमच्यासमोर सांगतायत," ती म्हणाली. अगदी आत्यासारखं.

दोघांचेही नंबर माझ्याकडे होते, ते तिला दिले. मी फोन केला असता तर त्यांनी माझी भीड धरली असती. मी समोर बसलो असतो तर वैशालीनं धरली असती. ती आक्कांच्या खुर्चीत बसली, वही मांडीवर घेतली आणि पेन्सिल शोधू लागली. मी सागरचा हात धरून जिना उतरलो आणि तिचं बोलणं ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो.